डांबरची साडेसाती

साडेसाती आमच्या कुत्र्याला नव्हती. ती होती सोसायटीतल्या इतरांना; खात मात्र तो होता. हे एवढं ज्याला नीट समजलं त्याला पुढचं वाचायची तशी गरज नाही. पण मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस आहे. दोन वाक्यांत सांगून मोकळं होण्याची आम्हाला सवय नाही.

कुत्र्याचं नाव डांबर. जात लॅब्राडोर, रंग नावाप्रमाणे. आमच्या कन्येनं, रुचितानं, त्याला पिशवीतून घरी आणलं त्याच आठवड्यात शेलू स्टेशनपासून आमच्या संकुलापर्यंतच्या रस्त्याचं रखडलेलं डांबरीकरण झालं होतं. त्या आनंदात हे नाव ठेवलं गेलं. रस्त्यावरचं डांबर त्याच पावसाळ्यात वाहून गेलं, घरातलं राहिलं. पुढे रुचिता शिकायला पुण्याला गेली आणि जाताना "बाबा, आता तो तुमचा" असं म्हणून मोकळी झाली. मला कुत्र्याची आवड आहे का, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. माझ्या आवडीनिवडी विचारण्याचा आमच्या घरात प्रघात नाही.

मी गेल्या वर्षी खालापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालो. अख्ख्या नोकरीत मी काहीही मंजूर केलं नाही. कागद माझ्याकडे यायचा, मी त्यावर 'निर्णयार्थ सादर' असं लिहून वर सरकवायचो, नाहीतर 'त्रुटीपूर्ती करून फेरसादर करावे' असं लिहून खाली सरकवायचो. 'मंजूर' हा शब्द साहेबांचा. त्याचा शिक्कासुद्धा आमच्या टेबलावर ठेवत नसत. हे आत्ताच सांगून ठेवण्याचं कारण पुढे येईल. तूर्त एवढंच की, हुकूम देणं हा माझा पिंड नव्हे, आणि ते डांबरला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

तरी मी त्याला शिकवायला घेतलं. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक गोरा गृहस्थ बोट वर करायचा आणि त्याचा कुत्रा चटकन बसायचा. मी बोट वर केलं की डांबर बोटाकडे बघायचा, मग बोटाच्या दिशेनं छताकडे बघायचा, आणि तिथे खाण्यासारखं काही नाही अशी खात्री झाली की आडवा व्हायचा. चेंडूचंही तेच. मी चेंडू फेकायचो. तो कुठे पडला हे डांबर लक्षपूर्वक बघायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मी जाऊन चेंडू आणायचो. असं आठवडाभर चालल्यावर गेटवरचा वॉचमन गजा मला म्हणाला, "काका, तुमी लई लवकर शिकलात."

डांबर धावायचा तो एकाच माणसासाठी, ती म्हणजे धोंडूबाई. आमचं संकुल ज्या भातशेतीवर उभं आहे ती एके काळी तिच्या सासऱ्यांची. शेती गेली, पण कंपाउंडच्या भिंतीला लागून तिचं घर तेवढं राहिलं. संध्याकाळी मी डांबरला खाली आणला की ती पदराखाली तांदळाची भाकरी घेऊन यायची, त्याला चारायची, आणि मग पायातली चप्पल काढून लांब भिरकावायची. "जा रं, आन," एवढंच म्हणायची. आणि हा जो माझ्या चेंडूला ढुंकून विचारत नव्हता, तो कान उडवत जाऊन तिची चप्पल अशी अलगद आणून द्यायचा की मला स्वतःची कीव यायची.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग शनी मीन राशीत आला.

दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षलावहिनी एका शनिवारी सकाळी आमच्या दारात उभ्या राहिल्या. हातात ताटली, ताटलीत तेलानं माखलेली पोळी. "भावजी," त्या म्हणाल्या, "डांबर पूर्ण काळा आहे ना? कुठे पांढरा केस वगैरे?" मी म्हटलं, बघण्यात तरी आला नाही. त्यावर वहिनींनी चष्मा लावून डांबरची तपासणी केली. कानामागे, पोटाखाली, पायाच्या बोटांमध्ये. डांबर उताणा पडून सहकार्य करत होता. वहिनींची रास मीन, आणि बदलापूरच्या ज्योतिष्यांनी त्यांना सांगितलं होतं की दर शनिवारी संपूर्ण काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालायची. एकही पांढरा केस असेल तर उपयोग नाही. स्टेशनाजवळची कुत्री झाडून सारी तपकिरी. एक काळं होतं, पण त्याचे पंजे पांढरे, म्हणजे ते बाद. वहिनी कितीतरी दिवस शोधात होत्या आणि त्यांच्याच जिन्यात डोक्यावर एक मजला हा झोपलेला होता.

"आणि भावजी, योग बघा," त्या जाताना म्हणाल्या, "आपल्या संकुलाचं नाव सूर्यछाया. सूर्य आणि छाया म्हणजे शनिदेवांचे आईवडीलच की." बिल्डरला हे ठाऊक असतं तर त्यानं फ्लॅटमागे आणखी काही लाख लावले असते.

पुढच्या शनिवारी वहिनींची बहीण आली. त्याच्या पुढच्या शनिवारी बी विंगमधले मेष राशीचे दोघे. मग कुंभवाले आले. मग ज्यांना साडेसाती नव्हती पण अडीचकी होती असे आले. शेवटी काही होऊ नये म्हणून आधीच घालून ठेवणारे आले. शनिवारी आमच्या जिन्यात तळमजल्यापर्यंत रांग लागायची आणि पायऱ्यांवर तेल सांडून ठेवल्यामुळे लोक कठडा धरून चढायचे. सौभाग्यवती माधवी सकाळपासून दार उघडं ठेवून भाजी निवडत बसायची. ती एकदाच म्हणाली, "आपल्या घरात एकालाही साडेसाती नाही, आणि शनिवारी पाठ टेकायची सोय नाही." लोक देवाच्या नावानं येतात, त्यांना नाही कसं म्हणायचं, असा माझा विचार होता. खरं म्हणजे मला कोणालाच नाही म्हणता येत नाही, पण त्याला विचार म्हटलं की बरं वाटतं.

डांबरला मात्र वाराचं ज्ञान झालं. शुक्रवारी रात्रीपासूनच तो दाराशी तोंड करून झोपू लागला. एवढ्या दिवसांत तो आपणहून शिकलेली ही पहिली गोष्ट.

तो गोल झालाय हे आम्हाला रोज बघून कळत नव्हतं. ते कळलं जिन्यात. एका संध्याकाळी फिरून येताना तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला, मागचे पाय पसरून बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. ओढलं तरी उठेना. डोळ्यांत आळस नव्हता, ओशाळल्यासारखं काहीतरी होतं. आपल्याला जमत नाहीये हे त्याला कळत होतं, आणि ते मला दिसलं याचंच त्याला वाईट वाटत होतं. तिथे, हर्षलावहिनींच्या चपलांच्या स्टँडशेजारी उभं असताना मला पहिल्यांदा कळलं की हा कुत्रा खरोखरच माझा आहे. मी त्याला उचलला. पाठीत काहीतरी कटकन वाजलं. लिफ्ट आहे आमच्याकडे, म्हणजे लिफ्टची जागा आहे. पाळणा बसवायचं काम सोसायटी स्थापन झाल्यापासून विचाराधीन आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून कर्जतला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांचा वजनकाटा दुरुस्तीला गेला होता, म्हणून त्यांनी आम्हाला बाजारपेठेतल्या धान्याच्या दुकानात वजन करून यायला सांगितलं. तिथे डांबर काट्यावर चढेना. शेवटी दुकानदारानं काट्यावर गुळाचा खडा ठेवला तेव्हा चढला, आणि गूळ संपेपर्यंत उतरेना. भाताची पोती घेऊन आलेले दोन शेतकरी आकडा बघून म्हणाले, "सुकवला नाय वाटतं अजून."

डॉक्टरांनी आकडा ऐकला, डांबरचे मागचे पाय दाबून बघितले आणि चष्मा काढला. "हे असंच चाललं तर दिवाळीपर्यंत मागचे पाय जातील," ते म्हणाले. "ही जातच हावरट. तुम्ही द्याल तेवढं खाणार. ते तेलपोळी प्रकरण आजपासून बंद. मोजून जेवण, रोज चालणं." मी मान हलवली. आम्ही निघालो तेव्हा डॉक्टर दारापर्यंत आले आणि खाली बघत म्हणाले, "पूर्ण काळा आहे का हो हा? नाही, आमची रास मेष, म्हणून म्हटलं. एकच बिस्किट देऊ का?"

मी हात जोडले आणि रिक्षात बसलो.

घरी येऊन मी दारावर पाटी लावली: 'डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार कुत्र्यास खाऊ घालू नये.' मला वाटलं होतं लोक समजून घेतील. लोकांनी सोसायटीची विशेष सभा बोलावली.

अध्यक्ष विकास ठोंबरे. नेरळला त्यांचं नळ-पाइपांचं दुकान आहे, माणूस वागायला साधा, पण रास कुंभ. कुत्रा पाळायला सोसायटीची ना-हरकत लागते आणि ती दर वर्षी नवी करून घ्यावी लागते, हा नियम त्यांनीच केलेला. "मनोजराव," ते सभेत म्हणाले, "कुत्रा तुमचा हाय, मान्य. पन वापर सार्वजनिक झालाय. असा एकतर्फी बंद करता येत नाय." हर्षलावहिनींनी आठवण करून दिली की त्यांच्या मुलाची नोकरीची मुलाखत तोंडावर आहे. एका गृहस्थांनी विचारलं की पोळी छोटी केली तर? दुसऱ्यांनी विचारलं की तेल रिफाइंड चालेल का? पायांचं मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा सगळे हळहळले आणि पुन्हा पोळीवर आले.

शेवटी ठराव झाला. शनिवारी सकाळी कुत्रा खाली पार्किंगमध्ये उपलब्ध करून द्यावा, जेणेकरून जिन्यात तेल सांडणार नाही. इतर वारी त्याला कोणीही काहीही घालू नये, म्हणजे माझ्या डॉक्टरांचाही मान राहील. आणि यात कुचराई झाल्यास ना-हरकतीचा फेरविचार करण्यात येईल. म्हणजे पोळ्या चालू ठेवल्या तर डांबरचे पाय जाणार, आणि बंद केल्या तर डांबरच जाणार. दुसऱ्यांच्या कागदांवर अशा अडचणी मी पुष्कळ बघितल्या होत्या आणि त्या शांतपणे वर सरकवल्या होत्या. ही सरकवायला वर कोणी नव्हतं.

उपाय सुचवला माधवीनं, भाजी चिरता चिरता. "तुम्हाला नाही म्हणता येत नाही ना? मग त्याला शिकवा नाही म्हणायला."

खोपोलीला सुप्रिया म्हणून एक मुलगी कुत्र्यांची शिकवणी घेते. खालापूरकडच्या फार्महाऊसवाल्यांना तिची फार गरज पडते, कारण तिकडे चोर आधी कुत्र्याला मटण टाकतात आणि मग आत येतात. म्हणून ती राखणीच्या कुत्र्यांना परक्यानं दिलेलं न खायला शिकवते. मालकानं ठरलेला शब्द उच्चारला तरच खायचं, एरवी नाकाखाली बिर्याणी ठेवली तरी तोंड फिरवायचं. मी आमची अडचण सांगितली तेव्हा ती बराच वेळ डांबरकडे बघत राहिली. "चोरांपासून वाचवायला आणतात लोक," ती म्हणाली. "शेजाऱ्यांपासून वाचवायचंय, ही पहिलीच केस."

शब्द मीच निवडायचा होता. घरात सहज कोणाच्या तोंडी येणार नाही असा. मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "मंजूर."

डांबर काही आठवडे तिच्याकडे राहायला गेला. सोसायटीत सांगितलं की उपचारासाठी ठेवलाय, आणि ते खोटं नव्हतं. मलाही अधूनमधून खोपोलीला जावं लागायचं, कारण सुप्रियाच्या मते कुत्र्यापेक्षा माझीच तयारी कच्ची होती. "काका, हा हुकूम नाही, विनंती अर्ज आहे," ती म्हणायची. "पोटातून म्हणा." मी अंगणात उभा राहून पोटातून मंजूर म्हणायचा सराव करायचो. घरी बाथरूममध्येही करायचो. बाहेरून माधवी विचारायची, "काय मंजूर?" शेवटची परीक्षा पळसदरीच्या धरणावर रविवारी झाली. तिथे सहलीला आलेली मंडळी कुत्रा दिसला की काहीही खाऊ घालतात. डांबरनं वडा नाकारला, चिकनचा तुकडा नाकारला, एका प्रेमळ कुटुंबाची अख्खी इडली नाकारली. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडातून लाळ गळत होती आणि मान मात्र दुसरीकडे होती. मग मी म्हटलं, "मंजूर," आणि त्यानं माझ्या हातातला गाजराचा तुकडा असा खाल्ला की माझा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या शब्दावर कोणी काही केलं असेल तर ते हे.

तो परत आला त्या शनिवारी पार्किंगमध्ये ही गर्दी. खंड पडल्यामुळे प्रत्येकाची पोळी थकली होती. हर्षलावहिनींचा नंबर पहिला. त्यांनी ताटली पुढे केली. डांबरनं वास घेतला, शेपटी हलवली आणि मान फिरवून भिंतीकडे बघू लागला.

वहिनींनी ताटली दुसऱ्या बाजूला नेली. त्यानं मान पहिल्या बाजूला वळवली.

मी मनातल्या मनात तयारी करून आलो होतो. लोक म्हणतील, काय हे, कुत्रा बिघडला, चला आपण मारुतीला तेल घालू. मग घरी जातील. पण मी एक विसरलो होतो. पिंडाला कावळा शिवला नाही की काय करायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कोणी तो कावळा आजारी असेल असं म्हणत नाही.

ठोंबऱ्यांनी त्यांचं ताट पुढे केलं. तेही नाकारलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काहीतरी राहिलंय." बस्स. हर्षलावहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी डांबरसमोर हात जोडले आणि म्हणाल्या, "सासूबाईंना गावाहून आणते. महिनाभर ठेवून घेते." डांबर भिंतीकडे. "बरं, दिवाळीपर्यंत." डांबर भिंतीकडेच. मेष राशीच्या गृहस्थांनी पार्किंगमधली दुसऱ्याची अडवलेली जागा सोडायचं कबूल केलं. ए विंगच्या एक बाई वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालण्यावरून झालेलं भांडण मिटवते म्हणाल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई शेजारीच उभ्या असल्यामुळे ते तिथेच मिटलं. ठोंबरे बराच वेळ घसा साफ करत होते. शेवटी म्हणाले, "लिफ्टचं बघतो मी."

डांबरनं जांभई दिली.

पुढच्या शनिवारी गर्दी दुप्पट. आता लोक पोळी निमित्ताला आणायचे आणि कबुली द्यायला उभे राहायचे. वांगणीहून कोणी आलं, नेरळहून आलं. पार्किंगमध्ये चहाचा थर्मास फिरू लागला. मला पाटावर बसवून विचारू लागले की मूर्तीला, म्हणजे डांबरला, आंघोळ कधी घालता. मी शिकवलं काय, झालं काय, याचा विचार करून माझं डोकं दुखायचं, पण एक होतं. डांबर बारीक होत होता. डॉक्टरांनी त्याचे पाय दाबले तेव्हा तो आता कळवळत नव्हता. मी गप्प राहिलो. मला सरावही होता.

गप्प राहणं जड झालं ते धोंडूबाईमुळे. इतर वारी बंदी झाल्यापासून तीही शनिवारच्या रांगेत उभी राहू लागली होती, सगळ्यांच्या मागे. पहिल्या वेळी डांबरनं तिची भाकरी नाकारली तेव्हा ती "प्वाट भरलं असंल," म्हणून निघून गेली. दुसऱ्या वेळी भाकरी पदरात बांधून गेली. मग गजानं मला गेटवर गाठलं. "काका, म्हातारी शनवारी जेवत नाय. कुत्र्यानं तोंड लावल्याबिगर घास उतरत नाय म्हनते." मी त्या शनिवारी नीट जेवलो नाही. माधवीनं कारण विचारलं, मी पित्त म्हटलं.

तिसऱ्या वेळी धोंडूबाई आली ती थेट पायरीवर बसली. डांबर साखळी ओढून तिच्याकडे गेला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, शेपटी नुसती फटफट आपटत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या नाकासमोर धरला. त्यानं डोळे मिटून घेतले आणि मान फिरवली. तुकडा धरलेला तिचा हात तसाच राहिला.

"आजी, काय चुकलंय ते बोलून टाका," कोणीतरी म्हणालं. "मोकळं वाटेल."

"रास कुठली आजींची?" हर्षलावहिनींनी मायेनं विचारलं.

"रास मला म्हाईत नाय गं बाय. खळ्यावर भाताची असते तेवढी ठाव."

"मग शनिवारी कशाला घालता?"

"तुमी बाकीचं वार बंद केलं म्हनून." ती डांबरच्या कानावरून हात फिरवत होती. "जितेश बायकापोरं घेऊन बदलापूरला ऱ्हायला गेला. घरात मी एकटी. भाकरीला पीठ घेते तर दोनीचंच होतं. हाताला सवय हाय, एकीचं घेता येत नाय. दुसरी कोन खानार? हा खायाचा." तिनं तुकडा पुन्हा भाकरीवर ठेवला. "आता ह्यो बी नको म्हनतोय. काय चुकलं रं माजं?"

हे ती डांबरला विचारत होती. डांबर डोळे मिटून लाळ गाळत बसला होता आणि शिकवलेलं इमानानं पाळत होता. चूक कोणाची हे त्या पार्किंगमध्ये एकट्या मला ठाऊक होतं. मी ठोंबऱ्यांकडे बघितलं, त्या सगळ्या ताटल्यांकडे बघितलं. शब्द उच्चारला की सगळ्यांना सगळं कळणार, ना-हरकत जाणार, डांबर जाणार. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. तरी तो पोटातून आला, सुप्रियाला हवा होता अगदी तसा.

"मंजूर."

डांबरनं डोळे उघडले आणि दोन घासांत भाकरी संपवली. मग तिचा हातही चाटून काढला. धोंडूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि मग त्याच पदरानं त्याचं तोंड पुसलं.

बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. ठोंबरे दोन पावलं पुढे आले. मी 'त्याचं असं आहे' अशी सुरुवातही केली. पण ठोंबऱ्यांनी हातातलं ताट कपाळाला लावलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, "मनोजराव, आमचं कधी मंजूर होनार?"

त्यांना वाटलं होतं की कोणाचा दोष फिटला ते मला आतून कळतं. मी बघितलं तर मागची सगळी रांग हात जोडून उभी. ठोंबऱ्यांच्या ताटात तीन पोळ्या होत्या, तेलात बुडालेल्या, वर गुळाचे खडे. मला जिन्याच्या वळणावर बसलेला डांबर आठवला. आणि आयुष्यभर हाताला जे वळण लागलं होतं तेच आपसूक तोंडातून बाहेर पडलं.

"त्रुटीपूर्ती करून फेरसादर करा."

ठोंबरे गांगरले. "त्रुटी कुठली म्हनायची?"

"लिफ्ट," मी म्हणालो.

लिफ्ट दिवाळीच्या आधी सुरू झाली. कबूल केलेलं बाकीचंही बरंचसं झालं, हर्षलावहिनींच्या सासूबाईसुद्धा आल्या. त्यांना डांबर आवडत नाही. ज्यांनी ज्यांनी त्रुटी पूर्ण केल्या त्यांना मी पोळीचा नखाएवढा तुकडा, तेल न लावता, मंजूर करतो. लोक मला वाटेत थांबवून हळू आवाजात आपली प्रकरणं सांगतात. मला ती ऐकून घ्यावी लागतात. निवृत्तीनंतर मला थोडा आराम हवा होता.

दिवाळीत रुचिता आली आणि डांबर तीन मजले धावत चढलेला बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही कसं जमवलंत?" मी थोडक्यात सांगितलं. धावत चढण्याचं खरं कारण हे की डांबर लिफ्टला घाबरतो. आत पाय टाकत नाही. तो जिन्यानं जातो म्हणून मलाही जिन्यानंच जावं लागतं, आणि ठोंबरे लिफ्टमधून हात हलवत वर जातात.

डॉक्टरांनी रोज अर्धी कोरडी भाकरी चालेल असं सांगितलंय, त्यामुळे संध्याकाळी आम्ही पुन्हा भिंतीपाशी जातो. पहिल्याच संध्याकाळी धोंडूबाई इकडेतिकडे बघून मला म्हणाली, "तू बोललास तवाच खाल्लं त्यानं. मी तुज्या त्वांडाकडं बघत हुते. कोनाला सांगनार नाय." मी मान खाली घातली. "बोलत जा तेवढं," ती म्हणाली.

काल तिनं अर्धी भाकरी डांबरपुढे धरली, मी शब्द म्हटला, त्यानं खाल्ली आणि चप्पल आणायला पळाला. मग उरलेली अर्धी तिनं माझ्यापुढे केली. मला भात-भाकरी बंद आहे, साखर वाढलीय. माधवीला कळलं तर ती काय म्हणेल याचा मी विचार करत उभा राहिलो. भाकरी गरम होती. हात पुढे होईना आणि तिथून हलवेना.

धोंडूबाईनं माझ्याकडे बघितलं.

"मंजूर," ती म्हणाली.

मी खाल्ली.